माळरानावरची मुक्ती : पंडिता रमाबाई आणि केडगाव

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाचा इतिहास हा पावसाने दिलेल्या हुलकावणीचा इतिहास आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस पुणे ओलांडेपर्यंत थकून जातो आणि भीमा-नीरेच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे आजच्या दौंड, बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत, तो पोहोचेलच याची शाश्वती नसते. १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन महसुलाच्या नव्या मोजणीला प्रारंभ केला तो इंदापूर तालुक्यातून. कारण आधीच्या अवाजवी साऱ्याखाली तिथला शेतकरी मोडून पडला होता आणि शेते ओस पडू लागली होती. पुढे चाळीस वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांचा रोख कर्जखतांवर होता. दख्खनच्या दंग्याची ती ठिणगी अजून विझली नव्हती तोच १८७६ चा भीषण दुष्काळ येऊन ठेपला.

याच मुलखात, सुप्यापासून उत्तरेला असलेल्या केडगावच्या उजाड माळावर, एका विदुषीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक वसाहत वसविली. त्या काळी हा सारा भाग भीमथडी तालुक्यात मोडत असे आणि बारामती हे त्या तालुक्याचे मुख्य ठिकाण होते. वसाहतीचे नाव ‘मुक्ती’ आणि ती वसविणाऱ्या विदुषीचे नाव पंडिता रमाबाई. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात रमाबाईंचे नाव आदराने घेतले जाते. ‘शारदा सदना’ची कहाणीही बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. परंतु त्यांच्या आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे ज्या माळावर गेली, जिथे त्यांनी विहिरी खणल्या, धान्य पिकविले, हातमाग आणि छापखाना चालविला आणि एक चर्च उभारले, त्या केडगावकडे मराठी समाजाने बराच काळ पाठ फिरविलेली होती.

पुराणिकाची लेक

बारामतीला पुराणिकांची थोर परंपरा आहे. बाबूजी नाईक बारामतीकरांच्या आश्रयाने इथे पुराण सांगत आणि आर्या रचीत मोरोपंतांचे आयुष्य गेले. संस्कृत विद्येला असा आश्रय मिळाला की तिचा संसार सुखाचा होतो; तो न मिळाल्यास तिच्या वाट्याला काय येते, हे रमाबाईंच्या बालपणात दिसते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकविण्यास शास्त्राचा विरोध नाही, असे त्यांचे ठाम मत होते आणि त्याप्रमाणे त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, शिकविण्यास सुरुवात केली. त्यावरून उठलेल्या वादळाला उत्तर म्हणून त्यांनी धर्मग्रंथांतील आधार गोळा केले आणि अखेर लोकवस्ती सोडून कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे, आश्रम बांधला. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

आतिथ्यधर्मात अनंतशास्त्र्यांचे द्रव्य सरले. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने आश्रम सोडला. वेताच्या पेटीत घालून माणसाच्या डोक्यावरून नेलेले हे तान्हे मूल पुढे पंधरा-सोळा वर्षे तीर्थामागून तीर्थे पाहत राहिले. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण वाचावे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा दिनक्रम होता. आई चालता चालता मुलीला संस्कृत शिकवी. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले ते अशा वाटचालीत.

मग १८७० च्या दशकातला दक्षिणेतील दुष्काळ आला. श्रमाचे काम कधी केलेले नाही, भीक मागणे तर ठाऊकच नाही, अशा या सुविद्य कुटुंबाने असेल नसेल ते विकले, रानातला पाला खाल्ला, मूर्तींपुढे अनुष्ठाने केली. अनंतशास्त्री गेले, पाठोपाठ लक्ष्मीबाई गेल्या, काही काळाने थोरली बहीणही गेली. उरले ते रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास. उपासमार त्यांनी पुस्तकात वाचली नव्हती, स्वतःच्या अंगावर सोसली होती. केडगावचे सारे कार्य समजून घ्यायचे, तर ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

कीर्ती आणि वैधव्य

भावंडे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या या तरुणीचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांच्या सांगण्यावरून त्या वेदाध्ययनाकडे वळल्या. शास्त्रग्रंथ मुळातून वाचू लागल्यावर स्त्रिया आणि शूद्र यांच्याविषयी त्यांत काय लिहिले आहे, ते त्यांना प्रथमच स्पष्ट दिसले आणि परंपरागत श्रद्धेला तडा गेला.

१८८० साली श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते जातीने ब्राह्मण नव्हते. तो काळ ध्यानात घेतला तर या विवाहाचे धाडस केवढे होते, ते कळते. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने बिपिनबाबूंचा अंत झाला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरी दहा महिन्यांची मुलगी आणि जवळचे म्हणावे असे सासर-माहेरचे माणूस नाही!

न्यायमूर्ती रानडे प्रभृती सुधारकांच्या निमंत्रणावरून त्या पुण्यास आल्या. ‘आर्य महिला समाज’ स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-वैद्य यांची निकड मांडली. वैद्यकीय शिक्षणाच्या ओढीनेच १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. बहिरेपणामुळे ते शिक्षण साधले नाही. परंतु वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहत असताना त्यांनी त्या पंथाच्या लंडनमधील एका गृहाला भेट दिली. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने वागविले जाई, त्यांना पुन्हा उभे केले जाई. आपल्याकडे अशा स्त्रीला आसरा नाही, हे शल्य त्यांना होतेच. पुण्यात नीलकंठशास्त्री तथा फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी आलेल्या संपर्काने विचारांना आधीच चालना मिळाली होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात यावर हलकल्लोळ झाला. इकडे सनातनी आणि सुधारक दोघेही दुखावले, तर तिकडे इंग्लंडातले धर्मगुरूही फारसे सुखी नव्हते. कारण रमाबाईंनी ख्रिस्त स्वीकारला, तरी चर्चच्या अधिकाऱ्यांची सत्ता आपल्या विवेकबुद्धीवर चालू देण्यास त्या तयार नव्हत्या. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी वर्षानुवर्षे पत्रोपत्री वाद घातला. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत, यालाही त्यांचा आक्षेप होता. ज्या भाषेचा आपल्या देशाशी काही संबंध नाही, तिच्याऐवजी संस्कृत का नको, असा त्यांचा प्रश्न होता. गोऱ्या धर्मगुरूंपुढे मान न तुकविणारी ही ख्रिस्ती बाई होती.

शारदा सदन आणि उघडे दार

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तिथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाने अमेरिकन वाचकांना हलविले. बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. हिंदुस्थानातील बालविधवांसाठी काढायच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे तिने मान्य केले. शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती असणार नाही, ही अट उभयपक्षी मान्य होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले गेले. जातीचे आचार, निराळा स्वयंपाक, सोवळेओवळे हे सारे पाळण्याची तिथे मुभा होती. पुढे महर्षी कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झालेल्या गोदूबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी. रानडे, भांडारकर यांसारखी मंडळी सल्लागार समितीवर होती. परंतु रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. येणाऱ्या मुलीला हाकलून दार लावून घेणे रमाबाईंच्या मनाला पटेना. ‘केसरी’ने आघाडी उघडली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी समितीचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणणे होते. तटस्थ म्हणून ज्यांच्या मुली सदनात ठेवल्या होत्या, त्यांना विश्वासभंग झाल्यासारखे वाटले, तर ते अस्वाभाविक नव्हते. उलट, रमाबाईंचे म्हणणे असे की, इतरांना त्यांच्या धर्माचे आचरण करण्यास मी मोकळीक देते, मग माझ्याच घरात मला माझी प्रार्थना चोरून का करावी लागावी? या प्रश्नाची तड पुण्यात लागली नाही. ती काही वर्षांनी केडगावात, फार निराळ्या परिस्थितीत, लागायची होती.

आधी पाणी, मग धान्य

सदनाला कायमचे उत्पन्न असावे, अमेरिकेतून येणाऱ्या मदतीवर जन्मभर विसंबू नये, या हेतूने रमाबाईंनी केडगावला रेल्वेच्या जवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. माळ खडकाळ आणि रुक्ष होता. तेथे विहिरी खोदून फळझाडे लावावीत, एवढाच बेत होता. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८० च्या दशकात बारामती-इंदापूरकडच्या काही गावांना मिळू लागले होते. कालव्याच्या कक्षेबाहेरचा शेतकरी मात्र पूर्वीसारखाच आभाळाकडे डोळे लावून बसलेला असे.

१८९६ मध्ये पाऊस पुन्हा फिरला. मध्य प्रांतातील दुष्काळाच्या बातम्या वाचून रमाबाई तिकडे गेल्या. सरकारी अनाथगृहांत त्यांनी जे पाहिले, त्याने त्या अस्वस्थ झाल्या. अन्नाच्या मोबदल्यात तरुण मुलींची अब्रू घेणारे पहारेकरी आणि दलाल तिथे वावरत होते. वीस वर्षांपूर्वीची उपाशी भटकंती त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असल्यास नवल नाही. त्या परतल्या त्या मुली आणि बालविधवा यांना बरोबर घेऊन. थोड्याच महिन्यांत त्यांची संख्या तीनशेच्या घरात गेली.

पण त्यांना ठेवायचे कुठे? पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि इतक्या जणींना शहरात ठेवण्यास अधिकारी राजी नव्हते. तेव्हा केडगावच्या माळावर तंबू ठोकले गेले, झोपड्या उभ्या राहिल्या. प्लेगच्या बंदोबस्तात सरकारी विलगीकरणगृहांत स्त्रियांची जी आबाळ होत होती, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी याच सुमारास वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली आणि मुंबई सरकारचा रोष ओढवून घेतला. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या सरकारधार्जिण्या झाल्या, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा.

१८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात आणि राजपुताना होरपळले. ‘मुक्ती’तील संख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली. एखाद्या मोठ्या खेड्याएवढी ही लोकवस्ती होती. तिच्या पिण्याच्या पाण्यापासून शौचकूपांपर्यंत सगळ्याचा विचार एका बाईला करावा लागत होता. विहिरी खणल्या गेल्या. मुलींच्या तुकड्या पाडून त्यांना शेती, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, स्वयंपाक, सुतारकाम करणाऱ्यांना मदत, मुद्रण अशी कामे शिकविली गेली. आंधळ्यांना ब्रेल लिपीचे शिक्षण मिळू लागले. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ आणि वृद्धांसाठी ‘प्रीती सदन’ उघडले.

शारदा सदन आणि मुक्ती यांत एक मूलभूत फरक होता. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. मुक्तीत येणाऱ्या बहुसंख्य मुली खेड्यांतल्या, कष्टकरी कुटुंबांतल्या, नाना जातींच्या आणि नाना भाषांच्या. दुष्काळाने जात पाहिली नव्हती आणि केडगावच्या पंक्तीनेही ती पाहिली नाही. ब्राह्मणाच्या आणि अस्पृश्याच्या मुली एका रांगेत बसून जेवल्या, एकाच विहिरीचे पाणी प्याल्या. विसाव्या शतकाचा उंबरठा ओलांडण्याआधी पुणे जिल्ह्याच्या एका खेड्यात हे घडत होते.

चर्चची उभारणी

भीमेपलीकडे, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. महार, मांग वस्त्यांतून छोटी छोटी गावचर्चे आणि शाळा तिथे उभ्या राहिल्या होत्या. नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग-ओवीचे वळण दिले, तेही याच मिशनच्या परिसरात. या ठिकाणी पैसा आणि अधिकार मात्र प्रायः परदेशी मिशन-मंडळाच्या हाती असे. केडगावची तऱ्हा वेगळी होती. मुक्ती कोणत्याही मिशन-मंडळाच्या मालकीची नव्हती आणि कोणत्याही एका पंथाशी बांधलेलीही नव्हती. तिची प्रमुख एक हिंदुस्थानी स्त्री होती. मिनी एब्रॅम्स यांच्यासारख्या अमेरिकन मिशनरी स्त्रिया तिथे आल्या, त्या तिच्या हाताखाली काम करण्यासाठी. साम्राज्याच्या त्या भरतीच्या काळात असे उदाहरण दुर्मीळच म्हणावे लागेल.

१८९७ च्या अखेरीस शंभरहून अधिक मुलींचा बाप्तिस्मा भीमेच्या पात्रात झाला. उपासना आधी उघड्यावर किंवा मांडवात होत असे. वस्ती वाढली तसे ऊन-पावसात सगळ्यांना एकत्र बसता येईल, अशी वास्तू आवश्यक झाली. १८९९ साली, म्हणजे दुसऱ्या मोठ्या दुष्काळाच्या तोंडावर, चर्चची पायाभरणी झाली. आधी मंदिर आणि मग भक्त, असा नेहमीचा क्रम असतो. इथे तो उलटा होता. आधी विहीर, मग चूल, मग शाळा आणि मग चर्च. एवढ्या मोठ्या समुदायाला सामावेल असे सभागृह त्या परिसरातील खेड्यांनी तोवर क्वचितच पाहिले असेल. बांधकामाचा पैसा देशोदेशींच्या लहान-मोठ्या देणग्यांतून आला आणि वास्तूच्या आखणीत रमाबाईंनी स्वतः लक्ष घातले.

या चर्चचा आवाज पुढे फार दूरवर गेला. १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत प्रार्थनेची एक प्रचंड लाट उसळली. शेकडो मुली तासन् तास रडत, गात, मोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करीत राहिल्या. अशा भावावेगाबद्दल अनेक मिशनरींनी नापसंती दर्शविली. रमाबाईंनी मात्र हिंदुस्थानी मनाला भक्ती स्वतःच्या रीतीने व्यक्त करू द्यावी, असे धोरण ठेवले. वारकऱ्यांच्या मुलखात राहणाऱ्या बाईला सामुदायिक भक्तीचे भय वाटले नाही, यात आश्चर्य कसले? एब्रॅम्स यांनी या घटनांवर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिली देशात त्यांच्या मैत्रिणीच्या हाती पडली आणि तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीच्या उगमाला ती एक निमित्त ठरली. चिलीतील गरिबांच्या चर्चांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांना केडगावचे नाव घ्यावे लागते, ते यामुळे. मुक्तीतील स्त्रियांच्या तुकड्या भोवतालच्या खेड्यांतही जात. त्या गात, शुभवर्तमान वाचून दाखवीत. मराठी खेड्याने स्त्रीला जाहीरपणे धर्म सांगताना पाहण्याचे प्रसंग त्या काळी विरळच.

भुकेचा आणि श्रद्धेचा प्रश्न

इथे एक अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. दुष्काळात सापडलेल्या अजाण मुलीला अन्न द्यायचे आणि त्याच घरात तिला नवा धर्म शिकवायचा, यात तिची संमती कितपत खरी? टीकाकारांनी हा प्रश्न त्या वेळी विचारला आणि आजही तो विचारला जातो. शारदा सदनात तटस्थतेचे वचन तरी होते, मुक्ती तर उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. अन्नदाता आणि धर्मोपदेशक एकच असला की घेणाऱ्याचे स्वातंत्र्य आकसते, ही गोष्ट कितीही सद्भाव असला तरी नाकारता येत नाही.

पण या नाण्याला दुसरी बाजू आहे. त्या मुलींपुढे त्या घटकेला दुसरे कोणते पर्याय होते? अनाथगृहातील पहारेकरी, शहरातील कुंटणखाना किंवा रस्त्याकडेचा मृत्यू. ज्या समाजाने त्यांच्या धर्माची काळजी नंतर वाहिली, त्याने त्यांच्या पोटाची काळजी आधी का वाहिली नाही, असे रमाबाई विचारू शकत होत्या. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम त्याच १८९६ साली सुरू झाला आणि तो हिंदू समाजाच्या आतून उभा राहिला, हे त्या समाजाचे भूषण होय. तथापि त्याचा आवाका आरंभी फार मर्यादित होता. हजारोंच्या भुकेला त्या क्षणी केडगावनेच दार उघडले. ते पुण्यातील प्रार्थनेच्या खोलीचे उघडे दार होते. यावेळी मात्र ते कोणासाठी आणि कशासाठी उघडे आहे, हे त्यांनी लपविले नाही.

सोपी मराठी

रमाबाईंचे अखेरचे मोठे काम चर्चइतके डोळ्यांत भरणारे नसले, तरी तितकेच महत्त्वाचे आहे. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर आहे आणि शेतात राबणाऱ्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला ती समजत नाही, असे त्यांना आढळले. शिवाय त्यातील अनेक संस्कृत शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले असल्याने मूळचा आशय बदलतो, अशीही त्यांची तक्रार होती. चाळिशी उलटून गेल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी संपूर्ण बायबलचे मुळातून मराठीत भाषांतर हाती घेतले. नवा करार १९१३ मध्ये निघाला. खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे मुक्तीतल्या स्त्रियांनी केली. दुष्काळात मरणाच्या दारातून आणलेल्या मुलींनी!

एके काळी क्रुसावर संस्कृत अक्षरे हवीत म्हणणारी पंडिता आता संस्कृत शब्द वेचून बाजूला काढीत होती. वरकरणी हा विरोधाभास वाटतो. तरुणपणी परक्यांपुढे आपल्या देशाचा मान राखण्यासाठी त्यांना संस्कृतचा आधार घ्यावासा वाटला. उतारवयात अडाणी बाईपर्यंत पोहोचण्यासाठी त्याच विद्येचा डौल त्यांनी उतरवून ठेवला. ज्या ज्ञानाने त्यांना कीर्ती दिली, ते ज्ञान गरिबाच्या वाटेत उभे राहत असेल तर त्याला बाजूस सारावे, एवढा हा निश्चय होता. त्यांचे भाषांतर कमालीचे शब्दशः असल्याने काहीसे रुक्ष झाले आणि चर्चांतून ते सर्वत्र रूढ होऊ शकले नाही, हेही नमूद करायला हवे. तरीही बायबलच्या भाषांतराच्या इतिहासात एका स्त्रीने एकटीने पेललेले एवढे मोठे काम सहसा आढळत नाही.

अखेर

सरकारने १९१९ मध्ये त्यांना ‘कैसर-ई-हिंद’ पदक दिले. परंतु तोवर प्रकृती ढासळली होती. आपल्यामागे मनोरमा हे सारे सांभाळील, अशी त्यांची आशा होती आणि मनोरमाबाईंनी तशी योग्यताही सिद्ध केली होती. शारदा सदनाची धुरा त्यांनी वाहिली आणि गुलबर्ग्याला शाळा काढण्यात पुढाकार घेतला. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाईंचे निधन झाले. आई-वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी. रमाबाईंच्या डोळ्यांदेखत सगळी गेली. बायबलच्या मुद्रितांवरील काम मात्र त्यांनी थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यानंतर मराठी समाजस्मृतीत त्यांच्यावर विस्मरणाचा पडदा पडला. धर्मांतराच्या एका कृत्याने त्यांचे सारे कर्तृत्व झाकोळून टाकले. देवदत्त नारायण टिळकांनी १९६० साली त्यांचे मराठी चरित्र लिहिले. पुढे मीरा कोसंबी, उमा चक्रवर्ती यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांना इतिहासातील त्यांचे स्थान मिळवून दिले. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांचे टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी काम करीत आहे.

या प्रदेशाचे रूप आता पालटले आहे. कालवे, साखर कारखाने आणि उजनीच्या पाण्याने बारामती-इंदापूर-दौंडच्या मोठ्या भागाला हिरवे केले. तरीही उसाच्या फडांपलीकडच्या जिरायती गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घागरी दिसतात आणि ऊसतोडीच्या हंगामात खोपटांतून लेकरे वाढतात. रमाबाईंच्या धर्मनिर्णयाशी सहमत होणे न होणे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा भाग आहे. पण परोपकार करणाऱ्या प्रत्येकाला, मग त्याचा धर्म कोणताही असो, केडगावने एक क्रम शिकविला आहे. ज्याच्यासाठी मंदिर बांधायचे, त्याला आधी पाणी द्यावे, घास द्यावा, हाताला काम द्यावे आणि त्याला समजेल अशा भाषेत त्याच्याशी बोलावे. एवढे झाल्यावर वास्तू उभी करण्याचा अधिकार प्राप्त होतो. रमाबाईंनी तो खडकाळ माळावर, दुष्काळाच्या ऐन कडाक्यात, मिळविला होता.